मुलतानी मातीने निळा रंग उतरला, मग लाल का उतरला नाही?

प्रश्न : प्रयोगशाळेत मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या पाण्यात मुलतानी माती ढवळली, तेव्हा थोड्याच वेळात वरचे पाणी नितळ झाले. तीच माती सुती कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या लाल सांडपाण्यात घातली, तर रंग जवळजवळ तसाच राहिला. माझे काय चुकले? आपल्या खडकांतले झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचे खनिज) वापरून पाहू का?
– एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही, उलट बहुतेक जण जेथे थांबतात त्याच्या एक पाऊल पुढे आपण गेलात. मुलतानी माती आणि तिच्यासारखीच बेंटोनाइट माती यांतील मुख्य खनिज बहुधा मॉन्टमोरिलोनाइट गटातले असते. आपल्या काळ्या रेगूर जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याही याच गटातील खनिजांमुळे. मॉन्टमोरिलोनाइटच्या पापुद्र्यांत काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असल्याने पापुद्र्यांवर कायमचा ऋणभार राहतो आणि तो तोलून धरण्यासाठी मध्ये सोडियम, कॅल्शियम यांचे आयन (धनभारित कण) अडकलेले असतात. मेथिलीन ब्लूचा रंगीत आयन धनभारित असतो. तो या आयनांना हुसकावून त्यांची जागा घेतो. हे इतके खात्रीने घडते की मातीची आयन-विनिमय क्षमता मोजण्यासाठीच मेथिलीन ब्लू वापरतात. म्हणून केवळ या रंगावरचा प्रयोग दाखवून ‘मातीने सांडपाणी शुद्ध होते’ असे कोणी सांगितले, तर ते अपुरे आहे, असे मला ठामपणे वाटते.

सुती कापडासाठी बहुधा रिॲक्टिव्ह रंग वापरतात. त्यांच्या रेणूंवर सल्फोनेट गट असल्याने ते पाण्यात ऋणभारित असतात, म्हणजे माती त्यांना दूर लोटते. त्यातला काही भाग धाग्याशी जोडला जाण्याऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करून निकामी होतो आणि धुलाईच्या पाण्यातून बाहेर पडतो. रंग धाग्यावर पक्का बसावा म्हणून सोडा घातलेला असल्याने ते पाणी अल्कधर्मी असते, त्यामुळे मातीच्या कणांच्या कडाही ऋणभारित होतात. पाणी किंचित आम्लधर्मी केल्यास कडांवर थोडा धनभार येऊन काही रंग धरला जाईल, पण फार नाही.

झिओलाइटचेही तसेच. दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत स्टिल्बाइट व ह्यूलँडाइटचे देखणे स्फटिक सापडतात, पण त्यांचाही सांगाडा ऋणभारितच असतो. शिवाय त्यांची छिद्रे एक नॅनोमीटरपेक्षाही अरुंद असल्याने रंगाचे मोठे रेणू आत शिरत नाहीत, बाहेरच्या पृष्ठभागावरच काय ते चिकटतात.

यावर मार्ग आहे. लांब कार्बन साखळीचे धनभारित सर्फॅक्टंट (साबणासारखे पृष्ठभागावर बसणारे रसायन) योग्य प्रमाणात मातीवर किंवा झिओलाइटवर बसवले, तर पृष्ठभागाचा भार उलटतो आणि लाल रंग धरला जातो; मात्र ते सैल सुटून पाण्यात मिसळणार नाही, हे पाहावे लागते. हायड्रोटॅल्साइट हे खनिज मुळातच धनभारित थरांचे आहे; निसर्गात ते विरळ असले तरी प्रयोगशाळेत सहज बनवता येते आणि भाजून वापरल्यास ऋणभारित रंग चांगले पकडते. पुढच्या प्रयोगात साधी माती, आम्लधर्मी पाण्यातली माती आणि हायड्रोटॅल्साइट असे तीन नमुने शेजारी ठेवून पाहा.

पाणी रंगहीन झाले तरी रंगाईत घातलेले मीठ त्यातच राहते, त्यामुळे ते शेतात सोडू नये. खाली बसलेल्या गाळातही तोच रंग अडकलेला असतो. तो गटारात न ओतता वाळवून, वेगळा साठवून प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याबरोबर द्यावा.