अर्थशास्त्राच्या संशोधन केंद्राचे संचालक झालात? आधी एवढंच बघा

अभिनंदन! सुरुवातीला दोनच गोष्टी धरून ठेवा.

१. पैसा कुठून येतो? एकाच सरकारी खात्याच्या प्रकल्पांवर पगार निघत असतील, तर त्याच खात्याच्या योजनेवर टीका छापताना हात आखडतो. अहवाल प्रसिद्ध करण्याचा हक्क करारातच लिहून घ्या. काम संपल्यावर तो कोणी देत नाही.

२. पाहणी, म्हणजे लोकांत जाऊन माहिती गोळा करणं, सोडू नका. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था निघाली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहण्यांवर भर दिला.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे आल्या आल्या विभागांची मोडतोड. दुसरी, अर्थसंकल्पाच्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर दिसण्याची हौस (ती मात्र लवकर सुटत नाही).

मानांकन, परदेशी करार पुढच्या वर्षी बघू.