एकाच नमुन्यात क्षयाचे जंतू : खरे की मिसळलेले?

प्रश्न : माझ्या आईच्या थुंकीच्या तीन नमुन्यांपैकी एकाच नमुन्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत), तेही बऱ्याच उशिरा, क्षयाचे जंतू वाढले. स्लाइड (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) निगेटिव्ह आहे, एक्स-रे स्वच्छ आहे, ताप नाही. प्रयोगशाळेत दुसऱ्या रुग्णाचे जंतू मिसळले असावेत, अशी शंका आल्याने डॉक्टरांनी जंतूंचा जनुकीय ठसा (जनुकांतल्या खुणांवरून जंतूची ओळख) तपासायला सांगितले आहे. त्यातून नक्की काय कळेल?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : डॉक्टरांची शंका रास्त आहे. थुंकीतले इतर जंतू मारण्यासाठी नमुन्यांवर सोडियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया करतात आणि नंतर बफर (त्याची तीव्रता कमी करणारे द्रावण) घालतात. एकच बाटली ओळीने सगळ्या नळ्यांसाठी वापरली आणि आधीच्या नळीत जंतू भरपूर असले, तर बाटलीच्या तोंडाला लागलेला एखादा सूक्ष्म थेंब पुढच्या नळीत जाऊ शकतो. असे जंतू मोजकेच असल्याने त्यांची वाढ बहुधा उशिरा दिसते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कल्चर पॉझिटिव्ह आलेल्या रुग्णांमध्ये अशा खोट्या निकालांचे मध्यक प्रमाण सुमारे ३ टक्के आढळले होते.

ठसा पाहण्याच्या पद्धती अनेक आहेत. आयएस ६११० या जनुकीय तुकड्यावर आधारलेली जुनी पद्धत आपल्याकडे अनेकदा अपुरी पडते, कारण भारतातल्या, विशेषतः दक्षिणेकडच्या, बऱ्याच जंतूंमध्ये तो तुकडा एकदाच असतो किंवा नसतोच. स्पोलिगोटायपिंग या दुसऱ्या पद्धतीत जंतूच्या जनुकक्रमातल्या ४३ खुणा आहेत की नाहीत, हे पाहतात. परंतु एकाच भागातल्या, परस्परांशी संबंध नसलेल्या रुग्णांतही तो ठसा सारखा निघतो, म्हणून त्याच्या जोडीला २४ ठिकाणांची मिरु-व्हीएनटीआर तपासणी (त्या ठिकाणी जनुकीय तुकडे किती वेळा पुन्हा येतात, हे मोजणारी) किंवा संपूर्ण जनुकक्रम पाहणे इष्ट.

आईचा ठसा त्याच दिवशी हाताळलेल्या इतर सर्व जंतूंपेक्षा स्पष्टपणे वेगळा निघाला, तर त्यांच्यापासून मिसळ झाल्याची शंका मिटते आणि तो निकाल गांभीर्याने घ्यावाच लागतो. ठसा जुळला, तर मात्र घाई नको. क्षयाच्या जंतूच्या सुमारे ४४ लाख अक्षरांच्या जनुकक्रमात साधारण दोन वर्षांत एखादाच बदल होतो. त्यामुळे एकाकडून दुसऱ्याला खरोखर लागण झाली असली, तरीही ठसे जुळतात. अशा वेळी प्रयोगशाळेची नोंदवही निर्णायक ठरते : आईच्या नमुन्याआधी कोणाचा नमुना हाताळला गेला, तो स्लाइडवर पॉझिटिव्ह होता का, आणि त्या रुग्णाशी आपल्या घराचा काही संपर्क होता का, हे डॉक्टरांमार्फत अवश्य विचारावे. ठसा एच३७आरव्ही या प्रयोगशाळांत नियंत्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या जंतूशी जुळला, तर मिसळ झाल्याबद्दल फारशी शंका उरत नाही.

नावाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदलही तपासून घ्यायला सांगा. तसे झाले असेल, तर खरा रुग्ण आज औषधाविना असेल. आणि औषधे सुरू झाली असल्यास ती केवळ डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच थांबवावीत.