भाडं परत मिळत नाही

प्रिय,

रात्री पावणेबाराला तुझ्या कादंबरीच्या तिसऱ्या भागाचे तीन शेवट पाठवलेस आणि खाली विचारलंस, 'मावशी, यातला समाधानकारक कुठला?' तिन्ही वाचले. तिन्ही नकोत.

पहिल्या भागात तुझा नावाडी दर फेरीला नायिकेची एक आठवण भाडं म्हणून घेतो. आजीच्या हातच्या घावनांचा वास त्याने घेतला, तेव्हा मी हस्तलिखित मिटून उगाचच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. आणि आता तू खाडीला उधाण आणतेस, होडी बुडवतेस आणि सगळ्या आठवणी तरंगत किनाऱ्याला लावतेस! अगं, ते भाडं होतं, ठेव नव्हती. भाडं परत मिळत नाही.

फिलिप पुलमनच्या तीन भागांच्या इंग्रजी कादंबरीमालिकेतला शेवटचा खंड, 'द अँबर स्पायग्लास', वाचून तूच म्हणाली होतीस, 'शेवट भारी आहे, पण दुष्ट आहे.' दुष्ट नाही गं, हिशेबी आहे. त्या मालिकेच्या दुसऱ्या भागात विल नावाच्या मुलाच्या हाती एक सुरी येते, हवेत खिडकी कापून या जगातून त्या जगात जाता येतं. आपण खूश. त्याच भागात दुसऱ्या एका जगातल्या चित्तागाझे शहरात मोठ्या माणसांचा जीव आतून खाणारी भुतंही फिरत असतात. दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या, पण त्यांचा नेमका संबंध सांगितला नाही. तो कळतो तिसऱ्याच्या अगदी शेवटी: सुरीने एक खिडकी कापली की तसलं एक भूत जन्माला येतं, आणि उघड्या खिडक्यांतून 'धूळ', म्हणजे जगाचं जिवंतपणच, गळत राहतं. फक्त एक खिडकी उघडी ठेवता येणार असते. विल आणि त्याच्यावर जीव जडलेली नायिका लायरा ती मेलेल्यांना बाहेर पडायला सोडतात आणि स्वतः कायमचे दोन जगांत राहतात. हाती उरतं काय, तर ऑक्सफर्डच्या बोटॅनिक गार्डनमधला एक बाक. वर्षातून एकदा, भर उन्हाळ्यातल्या ठरल्या दिवशी दुपारी तासभर आपापल्या जगात त्यावर बसायचं. आणि लायराला जे सत्यदर्शक यंत्र न शिकता वाचता यायचं, तेही एकाएकी येईनासं होतं. आता जन्मभर पोथ्या घेऊन शिक म्हणावं! भाडं असं भरतात.

'मुलांना झेपेल का' हे तुझं पालुपद बंद कर. वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा ब्रिटनमधला व्हिटब्रेड पुरस्कार मुलांच्या पुस्तकाला पहिल्यांदा मिळाला तो २००१चा, आणि याच खंडाला.

आणखी एक. लढाई जिंकली की तीन ओळींत दुकान आवरू नकोस. महाभारतात सौप्तिकपर्वानंतर, म्हणजे लढाई संपल्यावर, अजून आठ पर्वं आहेत. आपण गोष्ट सांगताना ती गाळतो, व्यासांनी गाळली नाहीत.

आता माझं ऐक. मी तीन वर्षं एका दिवाळी अंकात मुलांसाठी एक गोष्ट लिहीत होते. पहिल्याच वर्षी लिहून बसले की दगड झालेला माणूस परत माणूस होत नाही. तिसऱ्या वर्षी नायिकेच्या भावाला तळ्याचं पाणी शिंपडून उठवला. पुढे एका मुलाचं पोस्टकार्ड आलं. मायना नाही, काही नाही. 'होत नाही असं तुम्हीच लिहिलं होतं.' एवढंच. उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं.

लोकांना मी सांगते, दिवाळीत पोरांना रडवू नका असं संपादकांचं म्हणणं होतं. होतं तसं, पण त्यांनी आग्रह धरला नव्हता. त्या साली माझा भाऊ पक्षाघाताने अंथरुणाला होता. मी त्याच्या उशाशी बसून, पॅडला कागद लावून ते प्रकरण लिहिलं. घरात माणूस असा पडलेला असताना कागदावरचा तरी उठवू नये तर काय करावं? तूच सांग. गोष्ट बिघडली हे मला मान्य आहे. तरी त्या रात्री दुसरं काही लिहिता आलं असतं असं मला अजूनही वाटत नाही.

पण तुला ती सबब नाही. तुझं घर धडधाकट आहे, आणि तुला भीती कसली, तर वाचक चिडतील याची. चिडू देत की! भाडं परत केलंस तर पहिल्या भागातल्या सगळ्या फेऱ्या फुकटच्या ठरतील, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले तेही फुकट.

रागावू नकोस. पहाटे उठून पुन्हा पहिला भाग काढला आणि एक गोष्ट दिसली. नावाडी घेतलेल्या आठवणींचं करतो काय, हे तू दोन भागांत कुठेच लिहिलेलं नाहीस. मला वाटलं होतं मुद्दाम ठेवलंय. त्याला येतो का घावनांचा वास? म्हातारा होडीत एकटा असतो तेव्हा?

तेवढं एक प्रकरण शनिवारपर्यंत लिहून पाठव. पीडीएफ नको, माझ्या फोनवर अक्षरं बारीक दिसतात. छापून कुरिअर कर.

मावशी