बिबट्याच्या कॉलरचा माग आरमध्ये काढताना

आर या संगणकीय भाषेत बिबट्याच्या जीपीएस कॉलरच्या (गळपट्ट्याच्या) नोंदींवरून नकाशावर माग काढायचा, तर आधी वेळ नीट करा. कॉलरमधली वेळ बहुधा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. तिचं 'एशिया/कोलकाता'त, म्हणजे भारतीय वेळेत रूपांतर केलं नाही, तर निफाडच्या उसातला बिबट्या साडेपाच तास मागे दिसेल आणि रात्रीची हालचाल दुपारची वाटेल.

मग प्राण्याचा क्रमांक आणि वेळ, या क्रमाने ओळी लावा. जीजीप्लॉट या आरच्या आलेख काढणाऱ्या पॅकेजमध्ये 'जिओम_लाइन' वापरू नका. ते बिंदू रेखांशाच्या क्रमाने जोडतं, त्यामुळे माग करवतीसारखा दातेरी येतो. 'जिओम_पाथ' ओळींच्या क्रमाने जोडतं, तेच हवं. प्रत्येक प्राण्याला वेगळा ग्रुप (गट) दिला नाही तर एका बिबट्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडला जातो.

दाट झाडीत किंवा कपारीत सिग्नल तुटतो. तासाला एक नोंद असेल आणि मध्ये तीन तासांहून मोठा खंड असेल, तर तिथे नवा ग्रुप सुरू करा. नाहीतर प्राणी जिथून गेलाच नाही तिथून सरळ रेघ जाते, आणि नकाशा पाहणारा तीच खरी वाट धरतो. हे फार महत्त्वाचं.

अंतर अंशांत मोजू नका. नाशिकला रेखांशाचा एक अंश सुमारे 105 किलोमीटर, अक्षांशाचा 111. 'एसएफ' या नकाशांच्या पॅकेजने बिंदू यूटीएम 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक पद्धतीत न्या; तिचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी 32643. रेघेला रंग वेळेनुसार द्या.