निरीक्षण गृहात कर्मचारी मुलाला मारू शकतात का?

तुम्ही लिहिलंय, निपाणीचा भाचा निरीक्षण गृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे) आहे, भेटीत तळहातावर वळ दिसले आणि तिथले लोक म्हणतात "शिस्तीसाठी शिक्षा द्यावी लागते." नाही, अजिबात चालत नाही.

बाल न्याय कायदा 2015, कलम 82. शिस्त लावायला किंवा सुधारायला म्हणून मुद्दाम वेदना देणं म्हणजेच शारीरिक शिक्षा; म्हणजे त्यांची सबब हाच गुन्हा! पहिल्यांदा 10,000 रुपये दंड, पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, शिवाय दोषी ठरल्यास नोकरीही जाऊ शकते. प्रकार क्रूर असेल तर कलम 75 लागतं, संस्थेच्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दोन पोरं भांडताना धरून बाजूला करणं वेगळं. पण भांडण मिटल्यावर छडी ही शिक्षाच.

आता लगेच काय कराल? वळ लवकर फिके पडतात, म्हणून आजच बाल न्याय मंडळाकडे (अशा मुलांची प्रकरणं हेच मंडळ ऐकतं) अर्ज द्या आणि वैद्यकीय तपासणी मागा. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवा. अर्ज मराठीत लिहिलात तरी सोबत कन्नड प्रत जोडा. आपल्या बेळगावात भाषेवरून कागद अडकला की पोरगं तिकडेच राहतं. आणि भाच्याला भेटाल तेव्हा शिपाई शेजारी असताना "कुणी मारलं?" विचारू नका.