जुन्या ब्राउझरचा वैताग आलाय, बदलू का?

दहा वर्षं वापरलेला ब्राउझर नकोसा झालाय, पण बदलला तर पासवर्ड नि बुकमार्क जातील, असं तुम्ही म्हणताय. गेल्या पावसाळ्यात माझंही अगदी हेच झालं होतं.

बेळगावजवळच्या खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. 2012 पासून एकच ब्राउझर. नाव घेत नाही, उगाच वाद नको. आधी वाऱ्यासारखा पळायचा. मग दर अपडेटला काहीतरी चिकटत गेलं: बाजूला पट्टी, बातम्या, खरेदीच्या सूचना. एकदा नंदगडचे एक आजोबा शेताचा आरटीसी उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, काढायला आले. जिल्हा, तालुका, होबळी, गाव, सर्व्हे नंबर, सगळं भरलं आणि ऐन वेळी पडद्याच्या मधोमध 'नवीन काय आहे ते पाहा'! ती खिडकी घालवेपर्यंत पान अडकलं. पुन्हा जिल्ह्यापासून सुरुवात. आजोबा म्हणाले, "अजून फिरायलंय की रे ते. बस जातीय बघ माझी."

त्याच रात्री दुसरा ब्राउझर टाकला. चार दिवसांत कळलं, हा पण तसलाच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी सगळे आतून क्रोमियमच, म्हणजे गूगलच्या एकाच सांगाड्यावर उभे. ऑपेरानं स्वतःचं इंजिन (पान पडद्यावर मांडणारा आतला भाग) 2013 मध्ये सोडलं, एजनं 2020 मध्ये. कढई एकच, कुंद्याच्या मिठाईचे डबे तेवढे वेगळे. विंडोजवर खरंच वेगळं काही हवं तर फायरफॉक्स, शेवटी मीही तोच घेतला. जाहिराती अडवणारं मूळ यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये आता चालत नाही, तिथे त्याची लाइट आवृत्ती मिळते. फायरफॉक्समध्ये मूळचंच चालतं. माझ्या 4 जीबीच्या संगणकाला जाहिराती गेल्याचाच जास्त आराम पडला.

तरी जुना काढून टाकलेला नाही. कन्नड मी बोलतो, पण वाचताना अडखळतो. सरकारी पान कन्नडमध्ये उघडलं की जुना ते एका क्लिकमध्ये मराठी करून देतो. भाषांतर कच्चंच असतं, पण कुठल्या रकान्यात काय लिहायचं तेवढं कळतं. फायरफॉक्समध्येही 2023 पासून भाषांतराची सोय आहे, मजकूर बाहेर न पाठवता संगणकावरच होतं. तुम्हाला लागणारी भाषा त्यात आहे का, ते मात्र आधी बघून घ्या. म्हणजे माझ्याकडे सध्या दोन चुली आहेत: फॉर्म जुन्यावर, बाकी सगळं नव्यावर.

तुमची भीती म्हणाल तर, पासवर्ड आणि बुकमार्क दोन्ही नव्या ब्राउझरच्या सेटिंगमधून 'इम्पोर्ट' केले की येतात. काही वेळा पासवर्ड थेट येत नाहीत, आधी जुन्यातून सीएसव्ही फाइलमध्ये (साध्या मजकुराच्या यादीत) काढून घ्यावे लागतात. तसं केलं असेल तर जपा. ती फाइल कुणीही उघडून वाचू शकतं, कुलूप नसतं. काम झालं की उडवा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. माझी महिनाभर डेस्कटॉपवर पडून होती, आणि आमच्या दुकानात गिऱ्हाईक दिवसभर मान वाकवून पडद्यातच बघत असतं.