जुनं व्हीएमसी घेताना लेझर कॅलिब्रेशनच्या रिपोर्टवर विसंबून राहावं का?

तुम्ही लिहिलंय की भोसरीतल्या एका शॉपमध्ये वापरलेलं, फॅनुक कंट्रोलचं (म्हणजे त्या कंपनीच्या संगणकावर चालणारं) व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन, बघितलंय आणि मालक लेझरचा ताजा रिपोर्ट पुढे करतोय: एक्स अक्षात पोझिशनिंग (सांगितलेली जागा आणि प्रत्यक्ष पोचलेली जागा यांतला फरक) ६ मायक्रॉन. रिपोर्ट खोटा नसेल. पण तेवढ्यावर पैसे मोजू नका.

लेझरवाला आधी मशीन मोजतो, आलेला फरक कंट्रोलमधल्या पिच एररच्या (स्क्रूच्या आट्यांमधल्या चुकीच्या) टेबलात भरतो, बॅकलॅशचं, म्हणजे दिशा उलटताना वाया जाणाऱ्या हालचालीचं, पॅरामीटर (१८५१) बदलतो आणि परत मोजतो. गिऱ्हाइकाला दाखवतात तो हा दुसरा ग्राफ. झीज त्यात झाकलेली असते. म्हणून पहिल्या मापाचा, म्हणजे कॉम्पेन्सेशनच्या (ही भरपाई टाकण्याच्या) आधीचा ग्राफ मागा. टाळाटाळ झाली तर १८५१ उघडून आकडा बघा. ४०-५० मायक्रॉन भरलेले असतील तर बॉलस्क्रूच्या (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या) नटमध्ये किंवा सपोर्ट बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे, एवढं समजून घ्या.

खरी गोम पुढे आहे. बहुतेक शॉपमध्ये व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) टेबलाच्या मध्यावरच असतो, त्यामुळे स्क्रू मध्यावर झिजतो आणि टोकं जवळजवळ नवी राहतात. १८५१ मध्ये मात्र सगळ्या स्ट्रोकला (टेबलाच्या पूर्ण सरकण्याला) मिळून एकच आकडा बसतो. हे पकडायला एक मायक्रॉनचा लिव्हर डायल पुरतो. मॅग्नेटिक स्टँड स्पिंडल हेडवर लावा, टेबलावर घट्ट बांधलेल्या ब्लॉकला सुई टेकवा, हँडव्हील एक्स-वनवर (एका क्लिकला एक मायक्रॉन) ठेवा. एका दिशेने वीसेक क्लिक द्या, मग उलट फिरवा. मध्यावर सुई नीट एकेक मायक्रॉनने परत येते. आता तेच टोकाला करा. उलट्या दिशेच्या पहिल्याच क्लिकला सुईने १५-२० मायक्रॉन उडी मारली, तर मध्याची झीज भरायला टाकलेला आकडा टोकाला जास्त होतोय. असा स्क्रू बदलायलाच लागतो आणि तो खर्च किमतीतून वजा व्हायला हवा.

बॉलबारवाला मिळाला तर त्याला बोलवाच; बॉलबार म्हणजे मशीन वर्तुळात फिरवून ते किती गोल येतं हे मोजणारं उपकरण. एका प्लेनची टेस्ट पंधरा-वीस मिनिटांत उरकते, आणि त्या एका वर्तुळात लेझरच्या सरळ मापात न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात. वर्तुळ ४५ अंशात लांबट आलं तर घड्याळाच्या आणि उलट अशा दोन्ही दिशांचे ग्राफ शेजारी ठेवा. लांबटपणा दोन्हीत एकाच बाजूला असेल तर एक्स-वाय काटकोनात नाहीत: लेव्हल बिघडली असेल किंवा कधीतरी जोरात धडक झाली असेल. दिशा बदलल्यावर तो ९० अंशांनी फिरला तर दोष सर्व्होच्या (अक्ष चालवणाऱ्या मोटरच्या) ट्यूनिंगचा, तो स्वस्तात सुटतो. टेस्ट मध्यावर एकदा आणि कोपऱ्यात एकदा घ्यायला सांगा.

स्पिंडलला मी सगळ्यात जास्त घाबरतो. टेपर (टूल बसतं ते निमुळतं भोक) पुसून ३०० मिलीमीटरचा टेस्ट मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) लावा, हाताने फिरवून स्पिंडलच्या नाकाजवळ आणि मँड्रेलच्या खालच्या टोकाला रनआउट (फिरताना सुई किती हलते ते) बघा. वर ५ आणि खाली १५ मायक्रॉनपर्यंत मी जुन्या मशीनला पास करतो. मँड्रेल काढून अर्ध्या फेरीने परत लावा. जास्तीची बाजू मँड्रेलबरोबर फिरली तर मँड्रेल वाकडा, स्पिंडलबरोबर राहिली तर टेपर किंवा बेअरिंग. मग चढत्या स्पीडवर अर्धा तास पळवा, आवाज ऐका, नाकाला हात लावून गरमपणा बघा (अर्थात थांबवून!). 'नुकतंच बेअरिंग बदललंय' असं कुणी म्हणालं तर बिल मागा.

आणि सकाळी थंड मशीन बघून परत येऊ नका. पोलाद मीटरला दर अंशाला साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं. ५०० मिलीमीटरचा स्क्रू १० अंशांनी तापला आणि त्याचं एक टोक मोकळं असेल, तर ५५-६० मायक्रॉन वाढतो. लिनिअर स्केल (टेबलाची खरी जागा मोजणारी पट्टी) नसलेल्या मशीनला त्याचा पत्ताही लागत नाही. दोन तास प्रोग्राम चालवून त्याच जागी डायल परत लावा.

रेल किंवा गाइडवेवर नखाला लागणारे ओरखडे असतील, ल्युब्रिकेशनच्या लाइनी कोरड्या असतील, तर बाकी काही मोजत बसू नका, दुसरं मशीन बघा. सगळं ठीक निघून सौदा झालाच, तर लेझर आणि बॉलबार दोन्ही तुमच्या शेडमध्ये लेव्हल केल्यावर परत करून घ्या. जुन्या फ्लोअरवरचं काटकोनाचं माप ट्रेलरवरून उतरेपर्यंत टिकेलच याचा भरवसा नाही.